सावित्रीच्या दरीतील बारमाही पाणी

महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तरीही पायथ्याच्या पोलादपूर तालुक्यातील कितीतरी ओढे मार्चअखेर आटतात. अखंड काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, पाणी फारसे धरत नाही. सावित्री नदीच्या उगमाकडील झरे मात्र भर उन्हाळ्यातही वाहतात. त्याचे कारण माथ्यावर आहे. तेथे बेसाल्टवर सच्छिद्र जांभ्याचा थर आहे. पावसाचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकणमातीवर अडते आणि कड्यालगत महिनोन्‌महिने पाझरत राहते. आंबेनळी घाटातून सावित्रीची ही खोल, विलक्षण देखणी दरी दिसते. तिच्यात उतरायचे तर हिवाळ्यात, वाटा जाणणाऱ्या स्थानिकाला सोबत घेऊन. पावसाळ्यात जाणे टाळावेच. जुलै २०२१ मध्ये महाड-पोलादपूर भागात दरडी कोसळून अनेकांचे जीव गेले.