कंगवा कुणाचा, चहा कुणाच्या वेळेला

१९६० साली इंग्लंडमधल्या तीन मोठ्या मनोरुग्णालयांत दोन संशोधक चक्क कंगवे मोजत होते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन विंग आणि समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन. स्किझोफ्रेनियामुळे वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेल्या बायकांपैकी कुणाकडे स्वतःचा कंगवा आहे, कुणाकडे टूथब्रश, हे त्यांनी टिपलं. दिवसातला किती वेळ त्या नुसत्या बसून असतात, तेही टिपलं.

निष्कर्ष थक्क करणारा होता. जिथे स्वतःच्या वस्तू कमी आणि रिकामा वेळ जास्त, तिथे बायकांचं बोलणं आटलेलं, चेहरा कोरा, माणसांत मिसळणं जवळजवळ बंद. कुणी शंका काढेल, आजार जास्त म्हणूनच त्या बसून राहत असतील! शंका रास्तच. म्हणून पुढची काही वर्षं दोघांनी त्याच बायकांचा मागोवा घेतला. बसून राहण्याचा वेळ जिथे घटला, तिथे लक्षणंही उतरली आणि नुसत्या औषधांतल्या बदलाने हे उलगडेना. ज्याला आपण आजार म्हणत होतो, त्यातला काही भाग वॉर्डाचाच होता!

मग मोठी रुग्णालयं रिकामी करून सहा-आठ जणांची छोटी घरं काढली की काम झालं? इतकं सोपं नाही. याच ब्राऊनना १९५०च्या दशकात एक विचित्र गोष्ट दिसली होती. रुग्णालयातून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेल्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त होतं. पुढच्या अभ्यासांतून कळलं, की सततची टीका, वैरभाव आणि जीव गुदमरवणारी काळजी माणसाला पुन्हा आजाराकडे ढकलू शकते. घर लहान असलं की असा आवाज जास्त घुमतो. छोट्या निवासात देखभाल करणाऱ्या ताईंनी रोज ‘अजून आंघोळ नाही?’ असं खेकसायचं ठरवलं, तर तिथून पळायला जागा नसते. घर लहान असणं ही फक्त संधी आहे, हमी नव्हे.

बरं, हे सगळं मोजता येतं. युरोपातल्या दहा देशांत हेलन किलास्पी आणि सहकाऱ्यांनी दीर्घकालीन निवासी सेवांसाठी ‘क्वर्क’ नावाची प्रश्नावली घडवली. राहण्याची जागा, उपचार, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची मुभा, बाहेरच्या जगाशी नातं, मानवी हक्क असे तिचे सात विभाग. ती भरतो कोण, तर निवासाचा व्यवस्थापक. आपल्याकडे कुणीही म्हणेल, तो स्वतःला पैकीच्या पैकी देणार! पण संशोधकांनी तिथल्या रहिवाशांनाही वेगळं विचारलं आणि व्यवस्थापकांची उत्तरं रहिवाशांच्या मोकळीक आणि सेवेबद्दलच्या अनुभवाशी जुळत गेली. प्रश्न ‘तुम्ही चांगले आहात का’ असा न विचारता रोजच्या व्यवहारावर नेमका ठेवला, तर खोटं बोलणं अवघड जात असावं, असा माझा अंदाज.

आपल्याकडे हा नेमकेपणा कायद्यात सापडतो, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मरण पावले. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळीवर तर सरसकट बंदी घातलीच, शिवाय कलम २०मध्ये बारकावे लिहिले. सक्तीने डोकं भादरायचं नाही. गणवेशाची सक्ती नाही, हवे तर स्वतःचे कपडे घालता येतील. मासिक पाळीत लागणाऱ्या वस्तू सहज मिळाल्या पाहिजेत. काम जबरदस्तीने करून घ्यायचं नाही आणि केलेल्या कामाचा मोबदला द्यायचा. कलम १९ म्हणतं, केवळ घर नाही किंवा घरचे नेत नाहीत म्हणून कुणाला रुग्णालयात अडकवून ठेवता येणार नाही.

चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेचा ‘होम अगेन’ उपक्रम याच वाटेवरचा. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेल्या बायका चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, सोबतीला मदतनीस असते. भाजी काय करायची, याचा निर्णय त्यांचाच. तेव्हा अशा एखाद्या निवासात कुणा नातेवाइकाला ठेवायची वेळ आली, तर फरशी किती चकचकीत आहे ते बघण्यात फार वेळ घालवू नका. दुपारी तीनला जा. चहा हवा तेव्हा करून घेता येतो का, खोलीत कुणी शिरण्याआधी दार वाजवतं का, आणि कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला असते, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारा.