रात्रंदिवस वाहणारी टांकी

मथळा वाचून कित्येक वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. घरांतील लहानथोरांनीं एकत्र वाचावयाच्या मासिकांत शौचकूपाच्या टांकीची चर्चा कशाला, अशी शंका सुसंस्कृत मनाला येणें साहजिक आहे. गेल्या वैशाखापर्यंत आमचेंही मत असेंच होतें. परंतु ज्या विषयाला नाक मुरडल्यामुळें घरांतील पाण्याचा दररोज नाश होतो, तो विषय टाळणें ही सभ्यता नव्हे, आळस होय, अशी आतां आमची खात्री झाली आहे.

हकीकत अशी. रात्रीं निजानीज झाली कीं न्हाणीघराच्या बाजूनें बारीक खळखळ ऐकूं येई. टांकी भरून गेली तरी आवाज थांबत नसे. नळदुरुस्ती करणारे गृहस्थ 'उद्यां येतों' असें तीनदां सांगून आले नाहींत. रत्नागिरीकरांना वैशाखाची ओळख करून द्यावयास नको. वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ज्या गांवावर कोसळतो, त्याच गांवाला उन्हाळ्यांत शीळच्या धरणाकडे डोळे लावून बसावें लागतें. जांभ्या दगडाची भूमि पाणी फार काळ धरून ठेवीत नाहीं, आणि उतार सगळा समुद्राकडे. अशा दिवसांत आमच्या गच्चीवरील टांकी दुपारींच रिकामी होऊं लागली.

अखेर जुन्या सवयीनें आम्हीं गणित मांडलें. लहान टांकीचें झांकण काढून खालीं पंचावर ठेवलें, भिंतीजवळची तोटी बंद केली, पाण्याच्या पातळीवर आंतून शिसपेनीची खूण केली आणि घड्याळ घेऊन बसलों. दहा मिनिटांनीं पाणी पुन्हा खुणेपर्यंत आणावयास एक लिटरचें माप पुरें ओतावें लागलें. दहा मिनिटांस एक लिटर, म्हणजे तासास सहा, आणि अहोरात्रांत १४४ लिटर! भुयारी गटारें असलेल्या शहरांच्या पाणीपुरवठ्याची आंखणी करतांना आपल्या देशांत माणशीं दररोज १३५ लिटरांचें मान धरतात. म्हणजे आमच्या घरांत एक अदृश्य पाहुणा राहात होता, आणि तो आमच्यापेक्षां अधिक पाणी वापरीत होता.

या टांकीची रचना समजावयास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. तिला दोन दारें असतात. एक पाणी येण्याचें, दुसरें तळाशीं पाणी जाण्याचें. पाणी चढूं लागलें कीं त्यावर तरंगणारा पोकळ गोळा वर उचलला जातो आणि त्याची दांडी येणाऱ्या नळाचें तोंड दाबून बंद करते. लग्नांतील घटिकापात्र बुडून वेळ सांगतें, हा गोळा तरंगून सांगतो. चुकून पाणी फार चढलेंच, तर तें मधल्या उभ्या नळींतून खालीं निघून जातें. म्हणून प्रथम त्या नळीच्या तोंडाकडे पाहावें. पाणी तिच्या कांठावरून आंत पडत असेल, तर दोष वरच्या दाराचा. गोळ्यांत पाणी शिरलें असेल, दांडी वर राहात असेल, किंवा तेथील रबरी वायसर झिजला असेल. पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखालीं सुमारें एक इंच राहील इतका गोळा खालीं आणावा. पाणी नळीपर्यंत पोंचत नसतांही आवाज येत असेल, तर दोष तळाच्या दाराचा. याची परीक्षा सोपी आहे. टांकींत चमचाभर लाल शाई टाकावी आणि अर्धा तास कोणीं टांकी सोडूं नये. खालच्या भांड्यांत लाली उतरली, कीं निदान झालें. वह्या तपासण्याच्या दिवसांतील एक बाटली आमच्या कपाटांत होती. भांडें पंधरा मिनिटांतच लाल झालें.

निदान झालें, पण हात पुढें होईना. खूण करतांनाही आम्हीं पाण्याला बोट लागूं दिलें नव्हतें. शेजारीं उभी असलेली आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, हें तर स्वयंपाकघरांतल्या नळाचेंच पाणी. तुम्ही घाबरतां कशाला?" आम्हांला उत्तर सुचलें नाहीं. पतंजलींनीं नियमांत पहिलें स्थान शौचाला दिलें, हें आम्हीं वर्गांत किती वेळां सांगितलें असेल! आमच्या लहानपणीं परसाच्या टोंकाला टोपलीचा संडास होता. रोज सकाळीं मागल्या दारानें एक बाई येई. आमची आजी तिच्या ओंजळींत वरून पाणी घाली. त्या बाईचें नांव घरांत कोणाला ठाऊक नव्हतें, आणि तें विचारावें असें आम्हांलाही कधीं वाटलें नाहीं.

याच रत्नागिरीच्या तुरुंगांत १९३२ सालीं आप्पासाहेब पटवर्धन होते. सफाईचें काम आपणांस करूं द्यावें, अशी त्यांची मागणी. तें काम उच्चवर्णीयाचें नव्हे म्हणून ती नाकारली गेली, तेव्हां त्यांनीं अन्न सोडण्यास आरंभ केला, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठीं डिसेंबरांत महात्मा गांधींनीं येरवड्याच्या तुरुंगांत उपवास केला. पुढें कणकवलीच्या गोपुरी आश्रमांत आप्पासाहेबांनीं स्वच्छ संडासाच्या रचनेचे प्रयोग केले. डोक्यावरून मैला वाहाण्याची प्रथा १९९३ आणि २०१३ च्या कायद्यांनीं निषिद्ध ठरली आहे. ज्या गांवांत त्या कामासाठीं एका विद्वान् ब्राह्मणानें प्राण पणाला लावले, त्या गांवांत आम्ही नळाच्या स्वच्छ पाण्यांत हात घालावयास कचरत होतों!

आम्हीं बाह्या सरसावल्या. तोटी बंद करून टांकी रिकामी केली. तळाची सोंगटी थोडी फिरवितांच सुटून हातांत आली. तिच्या खालचा रबरी वायसर ताठरला होता आणि बसण्याच्या जागीं गेरूसारखा तांबूस गाळ सांचला होता. तो ओल्या फडक्यानें पुसला. जुना वायसर नमुना म्हणून दुकानांत नेला, तंतोतंत मापाचा नवा आणून बसविला आणि तोटी उघडली. पुन्हा चमचाभर शाई टाकली. अर्धा तास गेला, तरी भांडें पांढरें तें पांढरेंच राहिलें. नातीनें टाळ्या वाजविल्या. घरांतील मंडळींनीं मात्र आम्हांला आंघोळीला पाठविलें, आणि आम्हीही तक्रार न करितां गेलों. जुन्या संवयी एका दिवसांत सुटत नाहींत.

आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल शाईची परीक्षा नात घेते. वाचकांना आमची एवढीच विनंति आहे कीं, आज रात्रीं दिवे मालविल्यावर पांच मिनिटें न्हाणीघराकडे कान द्यावा. खळखळ ऐकूं आल्यास उद्यांची वाट पाहूं नये.