घोडा गेला राणीच्या बागेत, कारंजं राहिलं फोर्टात

मुंबईत कुणालाही 'काळा घोडा कुठे?' असं विचारा, तो फोर्टचाच रस्ता दाखवेल. मीही मुलांना तिथेच नेलं होतं. तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, घोडा आहे, पण वर बसलेला माणूस कुठाय?" मी म्हटलं, "पडला असेल कधीतरी." सगळे हसले. माझं उत्तर मात्र साफ चूक होतं, म्हणून आजचा हा पाठ.

फोर्टात आज दिसतो तो घोडा २०१७ साली बसवलेला आहे आणि तो मुद्दामच स्वाराविना घडवला आहे. जुन्या घोड्यावर इंग्लंडचा युवराज बसला होता, जो पुढे सातवा एडवर्ड म्हणून राजा झाला. तो १८७५-७६ मध्ये भारतात येऊन गेला, त्याची आठवण म्हणून आल्बर्ट ससून या व्यापाऱ्याने हा ब्राँझचा पुतळा शहराला दिला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. लोकांनी राजाचं नाव बाजूला ठेवलं आणि घोड्याचा रंग तेवढा लक्षात ठेवला! स्वातंत्र्यानंतर परकीय राज्यकर्त्यांचे पुतळे भर चौकात कशाला, असं लोकांना वाटू लागलं. १९६५ मध्ये पुतळा तिथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. नाव मात्र जागेला चिकटलं ते चिकटलंच.

आता गंमत बघा. काळ्या घोड्यापासून चालत थोडं पुढे गेलं की फ्लोरा फाउंटन लागतं. फ्लोरा म्हणजे रोमन लोकांची फुलांची देवी, ती सगळ्यात वर उभी आहे. १८६४ सालचं हे कारंजं मुळात राणीच्या बागेसाठी करवून घेतलं होतं, पण उभं राहिलं फोर्टात. म्हणजे बागेचं कारंजं रस्त्यावर आणि रस्त्यावरचा घोडा बागेत. अदलाबदलच म्हणायची!

कारंज्याशेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. तिथे गप्पा थांबवा. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी इथे लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. त्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं हे स्मारक, म्हणून हा हुतात्मा चौक. इथे देवीचं कारंजं कुणी हलवलं नाही, शेजारी आपलं स्मारक उभं केलं. घोड्याच्या बाबतीत वेगळं झालं. दोन्हींतलं मला कुठलं पटतं म्हणाल तर हेच, पण वर्गात यावर वाद जरूर घाला. मुलं माझ्याशी सहमत नव्हती, आणि त्यांचे मुद्दे काही वाईट नव्हते.

मग सीएसएमटीहून लोकल पकडा. भायखळा तिसरं स्टेशन, उतरायचं पूर्वेला. राणीची बाग, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, बुधवारी बंद असते बरं का! बहुतेक जण पेंग्विन बघायला धावतात. तुम्ही आधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाकडे वळा. तिथे आपला हरवलेला स्वार घोड्यासकट भेटेल.

तिथेच एक दगडी हत्ती आहे. हा घारापुरी बेटावरचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, पण उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. म्हणून तो मुंबईतच राहिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते तुकडे पुन्हा जोडले.

चित्रवही सोबत ठेवा. हत्तीभोवती एक फेरी मारा आणि जोड कुठे कुठे दिसतात ते रेखाटून आणा. त्या मुलीने आणलेल्या चित्रात हत्तीच्या पाठीवर एडवर्ड बसला होता.