कानांत बसणारें गाणें

आमच्या घरीं पूर्वीं गाणें ऐकावयाचें म्हणजे तें सर्वांनीं मिळून ऐकावयाचें, अशी रीत होती. माजघरांत रेडिओ लागला कीं स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज क्षणभर थांबे, ओसरीवरचीं वडील माणसें "जरा मोठा करा रे" म्हणून सांगत, आणि एखादी जागा चांगली पडली तर तिची वाहवा तीन पिढ्यांच्या तोंडून एकदमच निघे. आज त्याच घरांत पांच माणसें पांच कोपऱ्यांत बसून पांच निरनिराळीं गाणीं ऐकत असतात, व एकाचा सूर दुसऱ्यास ऐकूं जात नाहीं. इअरफोन नांवाच्या इवल्याशा वस्तूनें हा पालट घडवून आणला आहे. तो इष्ट कीं अनिष्ट, हा प्रश्न निराळा. त्याकडे शेवटीं वळूं.

गेल्या दिवाळींत माझ्या पुतण्यानें, पगारांतून शिल्लक टाकलेल्या पैशांतून, लाखाच्या घरांत जाणारा इअरफोन घेण्याचा बेत बोलून दाखविला, तेव्हां घरांत लहानसें वादळच झालें. "एवढ्या पैशांत दोन्ही कानांना भिकबाळ्या होतील!" असें आमचे वडील बंधु अण्णा म्हणाले. "आणि त्या मोडल्या तर पैसे तरी परत येतील," अशी वहिनींनीं पुस्ती जोडली. मुलगा तबला शिकलेला, कान तयार. तेव्हां त्याची हौस नुसती मिरविण्याची नव्हती. परंतु त्याच्या बोलण्यांतून आणखी एक गोष्ट बाहेर पडली व ती ऐकून मी सावध झालों. रोज लोकल गाडीनें जातां-येतां तो दोन-अडीच तास साध्या इअरफोनवर गाणें ऐकत असे, आणि गेले कांहीं महिने रात्रीं निजतांना त्याच्या कानांत बारीक शीळ वाजल्यासारखें होई. प्रश्न केवळ चैनीचा नसून कानाचा आहे, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें. म्हणून परिचित मंडळींकडून तीन नामांकित इअरफोन महिनाभर उसने आणले, आणि काका-पुतण्यांनीं मिळून त्यांची परीक्षा केली. तिचा वृत्तान्त इतर कुटुंबांसहि उपयोगी पडेल असें वाटल्यावरून तो येथें देत आहें.

थोडा पूर्वेतिहास

कानांत घालण्याचें यंत्र ही आजची टूम नव्हे. फ्रान्समधील एर्नेस्त मर्काद्ये या इंजिनियरानें १८९१ सालींच कानाच्या भोकांत बसेल असें टेलिफोनचें हलकें यंत्र योजून त्याचें पेटंट घेतलें होतें. कानास घासूं नये म्हणून त्यास रबराचें आवरण घालावें, हेंहि त्यास सुचलें होतें. पुढें १९१० च्या सुमारास अमेरिकेंतील युटा प्रांतांत नॅथॅनियल बाल्डविन यानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून डोक्यावर चढविण्याचीं कर्णयंत्रें बनविलीं व तीं अमेरिकन आरमारानें घेतलीं.

परंतु आजच्या इअरफोनचें खरें आजोळ म्हणजे बहिऱ्यांचें श्रवणयंत्र होय. त्या यंत्रांचे सूक्ष्म भाग बनविण्यासाठीं ह्यू नोल्स यांनीं अमेरिकेंत १९४६ सालीं कारखाना काढला. त्या परंपरेंत तयार झालेले संशोधक मीड किलियन यांनीं १९८३ सालीं 'एटिमोटिक' ही संस्था स्थापिली आणि १९९१ सालीं तिचा 'ईआर-४' हा इअरफोन बाजारांत आला. १९९५ सालीं जेरी हार्वे यांनीं ॲलेक्स व्हॅन हेलन या ढोलवादकाकरितां कानाच्या मापाचे इअरफोन तयार केले. रंगमंचावरच्या गदारोळांत वादकास स्वतःचें वादन ऐकूं यावें, हा त्यांचा हेतु. संगीतकारांची ही गरजेची वस्तु पुढें रसिकांच्या हौशीची झाली.

नळी आणि बूच

आपल्या कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांब व किंचित् नागमोडी असते. बाहेरचा सुमारें तिसरा हिस्सा कूर्चेचा म्हणून लवचिक, व आंतला हाडाचा म्हणून टणक व फार हळवा. अमक्याच्या कानाची नळी तमक्यासारखी नसते. इतकेंच नव्हे, तर एकाच माणसाचे दोन्ही कानहि पुष्कळदां सारखे नसतात. म्हणून चष्म्याप्रमाणें इअरफोनहि ज्याचा त्यानेंच लावून पाहावयाचा असतो. दुसऱ्याच्या शिफारशीवर तो घेणें म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापानें जोडा घेण्यासारखें आहे.

नळीच्या तोंडाशीं इअरफोनचें बूच घट्ट बसलें नाहीं तर प्रथम खर्ज निसटतो. आम्हीं याचा प्रयोग तंबोऱ्यावर केला. काळी एकच्या पट्टींत लावलेल्या मर्दानी तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ६९ असतात. बूच जरा सैल केलें कीं हा मूळ नाद जवळजवळ नाहींसा होतो. मौज अशी कीं, तरीहि तंबोरा ऐकूं येतच असतो! कारण जवारीमुळें उठणारे वरचे स्वयंभू नाद कायम राहतात व त्यांवरून आपलें मन खर्जाची भरती करून घेतें. श्रोत्यास वाटतें, सर्व कांहीं ठीक आहे. पण भोपळ्याची घुमारी मात्र गेलेली असते. आणि मग ती परत आणण्यासाठीं मनुष्य आवाज वाढवीत सुटतो. लाखाची वस्तु असो वा पांचशेंची, सैल बसलेल्या इअरफोनला खर्ज नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

तिघांची परीक्षा

परीक्षेंत आम्हीं एक नियम कटाक्षानें पाळला. जें जरा मोठ्यानें वाजतें तें अधिक चांगलें वाटतें, ही कानाची जुनी खोड आहे. म्हणून प्रत्येक वेळीं तिन्हींचे आवाज सारखे करून मगच ऐकलें. ऐकण्यास तंबोरा, स्वतंत्र तबला, सारंगी आणि एक जुनें ध्वनिमुद्रण, असें साहित्य घेतलें.

पहिला एटिमोटिकचा 'ईआर-४-एसआर'. ही २०१६ सालची आवृत्ति. यांत लोखंडाची एक सूक्ष्म जिभली दोन चुंबकांच्या मध्यें तोललेली असते. विजेच्या प्रवाहानें ती थरथरते व ती थरथर लहानशा पडद्यास पोंचते. श्रवणयंत्रांतलीच ही रचना. त्याचें तीन छत्र्यांचें रबरी टोंक कानांत खोल जावें लागतें, व तें सर्वांना सोसतेंच असें नाहीं. मला सवय होण्यास आठ दिवस लागले. पण एकदां बसला कीं बाहेरचें जग दूर जातें. सारंगीचा गज कोठें फिरला, तबल्याच्या चाटेवर बोट नेमकें कोठें पडलें, हें हिशेबनिसाच्या चोखपणानें कळतें. बायांची गमक मात्र जितकी मुद्रणांत आहे तितकीच. पदरचें कांहीं घालणें त्याच्या स्वभावांत नाहीं.

दुसरा शुअरचा 'एसई-८४६', २०१३ सालचा, त्या वेळीं ९९९ डॉलर किंमतीचा. यांत तशाच जिभलीचीं चार यंत्रें आहेत आणि खर्ज गाळून घेण्यासाठीं पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांतून कोरलेली वांकडी वाट केलेली आहे. तार कानावरून मागें वळवून घ्यावयाची असते व फोमचें टोंक चिमटून आंत सारलें कीं तें फुगून नळी भरून काढतें. याचा बायां भारदस्त. मर्दानी गळा उबदार, जवळ बसून गायल्यासारखा. उलट जवारीची अगदीं वरची झळाळी पहिल्याच्या मानानें थोडी झाकलेली वाटली. तोंडाशीं बसविण्याच्या नळ्या बदलून हा तोल कांहींसा पालटतां येतो.

तिसरा सेनहायझरचा 'आयई-९००', २०२१ सालचा, त्या वेळीं सुमारें १३०० डॉलरांचा. पुतण्याचें मन बसलें होतें तें यावरच. ॲल्युमिनियमच्या सबंध तुकड्यांतून कोरून काढलेल्या कवचांत सात मिलिमीटरचा एकच पडदा, व त्यापुढें नको तो उठाव शोषून घेणाऱ्या सूक्ष्म पोकळ्या. चार यंत्रांच्या शेजारीं हा एकच पडदा ठेवून पाहिला म्हणजे, यंत्रांच्या संख्येवरून गुण ठरत नाहीं, हें सहज कळतें. तिघांत देखणा, हलका व कानांत सर्वांत सुखाचा हाच. बायां खोल, जवारी लखलखीत, मैफल ऐसपैस मांडलेली. मधला गळा मात्र मला एक पाऊल मागें उभा वाटला. शिवाय बाहेरचा गलबला अडविण्यांत तो पहिल्या दोघांस गांठूं शकत नाहीं.

शेवटीं आम्हीं केसरबाई केरकर यांची, १९७७ सालीं 'व्हॉयेजर' यानांबरोबर अवकाशांत गेलेली भैरवी लावली. येथें तिघांतील भेद एकदम पुसट झाला. त्या काळच्या मुद्रणांत अति खालचे व अति वरचे नाद मुळांतच थोडे; आणि आवाजाचा तो ठाम लगाव तिन्हींतून सारखाच अंगावर आला. आम्ही दोघेहि कांहीं वेळ बोललों नाहीं.

कानांत कसा बसवावा?

वरच्या बाजूनें दुसऱ्या हातानें कानाची पाळी मागें व वर ओढून धरावी, म्हणजे नळी सरळ होते. मग टोंक हलक्या हातानें सारावें. फोमचें असल्यास तें फुगेपर्यंत अर्धें मिनिट दाबून ठेवावें. लहान, मध्यम व मोठें अशीं सर्व मापें लावून पाहावीं. दोन कानांस दोन मापें लागलीं तर संकोच करूं नये. ओळखण्याची खूण सोपी : नीट बसल्यावर आपलाच आवाज डोक्यांत घुमल्यासारखा वाटतो. दुखेल इतकें आंत ढकलूं नये. काढतांना हिसका न देतां किंचित् फिरवून काढावें. एकाचें टोंक दुसऱ्यानें वापरूं नये, मळ साफ करीत जावा, आणि कान वाहत असल्यास किंवा पडद्यास भोंक असल्यास डॉक्टरांस विचारल्याखेरीज हात लावूं नये. रस्त्यानें चालतांना तर हा बंदोबस्त प्राणावर बेतण्याचा संभव आहे.

खरी किंमत

पुतण्यास कानाच्या डॉक्टरांकडे नेलें. श्रवणशक्ति अद्याप शाबूत आहे, पण शीळ ही सूचना समजावी, असें त्यांनीं बजावलें. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा कीं, मोठ्या माणसानें ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. मुलांस मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज दर तीन डेसिबलनें वाढला कीं मुदत निम्मी होते : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला अवघे ५. गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं उघड्या इअरफोनचा आवाज वाढवीत नेणाऱ्या मुलानें ही मुदत सोमवारीं-मंगळवारींच संपविली असेल, यांत नवल तें काय? उलट, बूच घट्ट बसून बाहेरचा गलबला तीस-पस्तीस डेसिबलनें उतरला, तर हलक्या आवाजांतहि मींड स्पष्ट ऐकूं येते. चांगल्या बसणीची खरी किंमत ही आहे. श्रवणयंत्राच्या घराण्यांत जन्मलेली ही वस्तु गैरवापर झाल्यास माणसास पुन्हां श्रवणयंत्राच्याच दारीं नेऊन पोंचविते, हें तरुणांनीं विसरूं नये.

महिन्याच्या शेवटीं पुतण्यानें आपण होऊनच तिसऱ्याचा नाद सोडला व स्नेह्यांकडून उसना आणलेला पहिलाच इअरफोन, नवीं टोंकें घालून, रास्त किंमतींत विकत घेतला. गाडींत आतां तो पूर्वींच्या मानानें पुष्कळ खालच्या आवाजांत व तेंहि जातांना एकदांच ऐकतो. शीळ पुष्कळ कमी झाली आहे. अजिबात गेली आहे असें मात्र म्हणवत नाहीं.

उरलेल्या पैशांचें काय झालें? त्यांतून त्यानें माजघरासाठीं ध्वनिवर्धकांची एक चांगली जोडी आणली. परवां संध्याकाळीं तिच्यावर तीच भैरवी लावली, तेव्हां स्वयंपाकघरांतलीं भांडीं पुन्हां थांबलीं, आणि भिकबाळीचा हिशेब मांडणारे अण्णा ओसरीवरून म्हणाले, "जरा मोठा करा रे!"