पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक का खचतात?

पनवेलमध्ये दोन-चार मोठ्या सरी झाल्या की सोसायटीच्या आवारातला एखादा ब्लॉक डगमगायला लागतो. पाय पडला की खालून चिखलाची पिचकारी! शिव्या ब्लॉकला बसतात, पण खचलेली असते ती खालची जमीन.

आधी भुसभुशीत माती काढून मुरूम-खडी टाकायची आणि प्रत्येक थर रोलरने दाबायचा. त्यावर साधारण ३० मिमी जाड वाळू, मग ब्लॉक. खालचे खड्डे न दाबता नुसती वाळू ओतून झाकले, तर पावसाच्या पाण्याबरोबर ती वाहून जाते आणि वरचा ब्लॉक खाली बसतो.

ब्लॉकमधल्या २ ते ४ मिमी फटींत बारीक, कोरडी वाळू भरतात. तिच्यामुळेच ब्लॉक एकमेकांना धरून राहतात. कडेला कर्बस्टोन नसेल तर रांगा सरकतात, फटी रुंदावतात.

आयएस १५६५८ या मानकाच्या २००६च्या आवृत्तीत चालण्यापुरत्या जागेसाठी ५० मिमी, हलक्या वाहनांसाठी ६० मिमी आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिमी जाडी दिली आहे. पाण्याचा टँकर आत येत असेल (पनवेलमध्ये येतोच), तर ६०वर भागवू नका.

कोटेशनमध्ये ब्लॉकचा दर ठळक असतो. खडीच्या थराची जाडी लिहिली आहे का, हे सही करण्याआधी बघा.