संगणकाचा एसएमपीएस बदलताय? आधी लेबल वाचा

जुलै महिना म्हणजे वाशीम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर पीक विम्याच्या अर्जांची गर्दी. नेमका त्याच दिवसांत संगणक बंद पडला की केंद्रचालकाची धावपळ होते आणि दुकानात मिळेल तो एसएमपीएस आणून बसवला जातो. काम त्या दिवशी भागते. पण हा डबा चुकीचा निघाला तर पुढे मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही सोबत जाऊ शकते. डिस्कमधली कागदपत्रे मग पैसे देऊनही परत मिळतीलच असे नाही.

एसएमपीएस नेमके काय करतो?

घरात येणारी २३० व्होल्टची वीज संगणकाला थेट चालत नाही. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. त्यातले कपॅसिटर उष्णतेने लवकर थकतात. तापमान १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. विदर्भाचा उन्हाळा आणि कॅबिनेटमध्ये साचलेली धूळ एकत्र आली की हे गणित लवकर बिघडते. विजेचा चढउतार आणि पावसाळ्याच्या तोंडावरचा कडकडाट हे आणखी दोन शत्रू.

दोष एसएमपीएसचाच आहे का?

आधी प्लग, वायर, यूपीएस आणि मागचे बटण तपासावे. मग एसएमपीएसच्या सगळ्या वायरी संगणकातून काढून, २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीशी पिनेने जोडावी. (काही एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात. तिथे हा प्रयोग जाणकाराकडूनच करून घ्यावा.) त्यानंतर वीज सुरू करावी. पंखा फिरला नाही, तर दोष बहुधा एसएमपीएसमध्येच असतो. पंखा फिरला तरी तो ठणठणीत आहे असे मात्र होत नाही. मल्टिमीटरवर पिवळ्या वायरीत ११.४ ते १२.६ आणि लाल वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसायला हवेत.

डबा उघडून दुरुस्ती करण्याच्या भानगडीत पडू नये. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो.

निवडताना काय पाहावे?

खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिलेले असते. खरी गोष्ट डब्याच्या बाजूच्या लेबलवर असते. तिथे १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर पाहावेत आणि १२ ने गुणावे. १४ अँपिअर असतील तर १६८ वॅट आणि ३६ असतील तर ४३२ वॅट. आजच्या संगणकाचा बहुतेक भार याच १२ व्होल्टवर असतो. म्हणजे दोन्ही डब्यांवर ४५० लिहिलेले असले तरी ते एकसारखे नाहीत.

ग्राफिक्स कार्ड नसलेला साधा कार्यालयीन संगणक सहसा १५० वॅटच्या आतच भागवतो. त्याला ७५० वॅटचा डबा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. मोठ्या आकड्यापेक्षा खात्रीचे वॉट, ‘८० प्लस’ प्रमाणपत्र आणि लेखी वॉरंटी जास्त मोलाची. काही कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपमध्ये कनेक्टर आणि डब्याचा आकार वेगळा असतो. तिथे जुना डबा सोबत घेऊनच दुकानात जावे.

यूपीएसचाही विचार करावा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार उचलतो. लेझर प्रिंटर त्यावर लावू नये.

बसवायचा कसा?

१. प्लग काढून संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे. उरलेली वीज निघून जाते.

२. जुन्या जोडण्यांचा मोबाइलवर फोटो काढावा. कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवावी.

३. मागचे चार स्क्रू काढून डबा बदलावा. पंख्याचे तोंड जाळीकडे असावे.

४. २४ पिनांचा कनेक्टर, प्रोसेसरचा ४ किंवा ८ पिनांचा आणि डिस्कचे कनेक्टर जोडावेत. प्रोसेसरचा आणि ग्राफिक्स कार्डचा ८ पिनांचा कनेक्टर वेगळा असतो. बसत नसेल तर जोर लावू नये.

५. वायरी सुट्या होणाऱ्या प्रकारचा एसएमपीएस असेल तर जुन्या डब्याच्या वायरी नव्याला लावू नयेत. कनेक्टर सारखे दिसले तरी आतली जोडणी वेगळी असू शकते आणि त्यात डिस्क जळते.

६. जुन्या धाटणीच्या डब्यावर मागे लाल खटका असल्यास तो २३० वरच असल्याची खात्री करावी.

शेवटची तपासणी भिंतीत

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर बहुधा सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसमधला फिल्टर नकोशी वीज प्लगच्या जाड, लांब पिनेतून जमिनीत सोडतो. ती वाट बंद असली की ही वीज कॅबिनेटवर येते. डबा कितीही चांगला आणला तरी हा दोष जात नाही. तिथे वायरमनलाच बोलवावे लागते, आणि ते काम गर्दीचा हंगाम सुरू होण्याआधी उरकलेले बरे.