पॅकेट गेलं, उत्तर कुठे अडलं?

संस्थेत नवा स्विच बसलाय. प्रयोगशाळेतल्या संगणकावरून १९२.१६८.२०.१ ला पिंग केलं, की चारही उत्तरं चुटकीसरशी येतात. हा स्विचचा पत्ता. १९२.१६८.१.२ हाही स्विचचाच, पण राऊटरच्या बाजूचा. तोही उत्तर देतो. त्याच्या पुढे एका केबलच्या अंतरावर असलेला राऊटर, १९२.१६८.१.१, मात्र ढिम्म. पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’. गंमत म्हणजे स्विचच्या कन्सोलवरून गुगलचा ८.८.८.८ व्यवस्थित लागतो. स्विचला इंटरनेट आहे, त्याला जोडलेल्या संगणकांना नाही! व्हीलॅन पहिल्यांदा उभारणारे अनेक जण इथेच डोक्याला हात लावतात.

मुळात व्हीलॅन हवेत कशाला? १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात इथरनेट जन्माला आलं, तेव्हा सगळे संगणक एकाच केबलवर असत. एकाने दवंडी पिटायची, साऱ्यांनी ऐकायची. पुढे स्विच आले. कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि नेमक्या पोर्टवरच फ्रेम पाठवतो. दवंडी मात्र सुटली नाही. शेजाऱ्याचा हार्डवेअर पत्ता विचारायचा असो, की नव्या संगणकाला आयपी पत्ता मागायचा असो, हाक सगळ्यांनाच जाते. फी काउंटर, प्रयोगशाळा आणि सीसीटीव्ही कॅमेरे एकाच स्विचवर असले, तर प्रत्येकाची हाक प्रत्येकाच्या कानावर. व्हीलॅन एकाच स्विचचे वेगळे गट पाडतो; हाक मग गटाबाहेर जात नाही.

१९८०च्या दशकात अमेरिकेत बेलकोर या दूरसंचार संशोधन कंपनीत डेव्हिड सिंकोस्की यांना वेगळंच कोडं सोडवायचं होतं: इथरनेट मोठं कसं करायचं? रेडिया पर्लमन यांच्या स्पॅनिंग ट्री पद्धतीने जादा जोडण्या बंद ठेवून फ्रेमच्या चकरा टाळता येत होत्या, पण मग सगळी रहदारी एकाच झाडाच्या मुळाशी तुंबायची. सिंकोस्की आणि चेस कॉटन यांनी १९८८ मध्ये तोडगा मांडला, की झाडं अनेक ठेवा आणि कोणती फ्रेम कोणत्या झाडाची, याची खूण फ्रेमवरच करा. आजच्या व्हीलॅनचं मूळ या खुणेत आहे. आयट्रिपलईचं ८०२.१क्यू हे मानक १९९८ साली आलं. त्यानुसार फ्रेममध्ये चार बाइटांचा टॅग घुसवला जातो. त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या क्रमांकाचे, म्हणजे एकूण ४०९६ आकडे. पहिला आणि शेवटचा राखीव, वापरायला ४०९४. एवढ्याशा टॅगपायी इथरनेट फ्रेमची कमाल लांबी १५१८ बाइटांवरून १५२२ वर न्यावी लागली.

संगणकाला यातलं काहीच कळत नाही. तो ज्या अ‍ॅक्सेस पोर्टला जोडलाय, त्याचा व्हीलॅन स्विचला ठाऊक असतो. टॅग दिसतो तो दोन स्विचमधल्या ट्रंकवर, कारण तिथे एकाच केबलमधून सगळे व्हीलॅन धावतात.

आता एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात किंवा बाहेर जायचं, तर राऊटिंग हवं. हल्लीचे लेयर थ्री स्विच ते स्वतःच करतात. प्रत्येक व्हीलॅनला स्विचवर एक पत्ता द्यायचा. तोच त्या संगणकांचा गेटवे. पुष्कळ स्विचवर राऊटिंग आधी मुद्दाम चालू करावं लागतं, हे विसरायचं नाही. शेवटी डिफॉल्ट रूट: ज्याचा ठावठिकाणा माहीत नाही, ते सगळं १९२.१६८.१.१ कडे.

इतकं सगळं बरोबर करूनही सुरुवातीचा तो पिंग का अडतो? खरं तर तो अडतच नाही. प्रयोगशाळेतल्या संगणकाच्या १९२.१६८.२०.१५ या पत्त्यावरून निघालेलं पॅकेट राऊटरपर्यंत नीट पोहोचतं. घोळ उत्तराचा आहे. राऊटरला फक्त स्वतःचं १९२.१६८.१.० हे नेटवर्क ठाऊक. ‘२०’ नावाचं काही त्याच्या तक्त्यात नाही, म्हणून तो उत्तर स्वतःच्या डिफॉल्ट रूटवर, थेट इंटरनेट कंपनीकडे ढकलतो. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी. ते सार्वजनिक इंटरनेटवर चालत नाहीत. पॅकेट तिथेच बाद. स्विचचा स्वतःचा पिंग १.२ वरून निघतो, म्हणून त्याचं उत्तर बिनबोभाट परत येतं.

उपाय राऊटरवर आहे, स्विचवर नाही. ‘१९२.१६८.२०.० हवं असेल, तर १९२.१६८.१.२ कडे जा’ असा एक स्टॅटिक रूट. प्रत्येक व्हीलॅनसाठी असा एकेक. शिवाय खासगी पत्त्याला सार्वजनिक पत्त्याचा मुखवटा चढवणारं नॅट या नव्या नेटवर्कांनाही लागू आहे ना, ते तपासायचं. काही साध्या राऊटरमध्ये स्टॅटिक रूटची सोयच नसते. मग बहुधा राऊटरच बदलावा लागतो.

इंटरनेट सुरू झालं की बहुतेक जण हात झटकतात. तिथे माझी हरकत आहे. स्विचवर राऊटिंग चालू झालं, त्या क्षणी प्रयोगशाळेतला संगणक फी काउंटरच्या संगणकापर्यंतही पोहोचू लागतो. दवंडी थांबली, पण दार उघडं राहिलं. ते लावायला अ‍ॅक्सेस लिस्ट लिहावी लागते: प्रयोगशाळेच्या २० मधून फी काउंटरच्या १० कडे जायला मनाई, बाकी सगळीकडे मुभा. नियम वरून खाली वाचले जातात, म्हणून मनाई आधी. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र त्यांच्याच व्हीलॅनमध्ये असेल आणि फुटेज जागेवरच पाहायचं असेल, तर त्या व्हीलॅनला स्विचवर पत्ता देऊच नये. गेटवेच नाही, म्हणजे बाहेर जायची वाटही नाही.